तिकिटावर साडेचार तास, प्रत्यक्षात दहा: ठाण्याहून पहिल्यांदा परदेशी निघताना अंतर आणि वेळ कशी मोजायची

आमच्या सोसायटीतले चौथ्या मजल्यावरचे काका परवा तिकिटाची प्रिंट घेऊन आले. जानेवारीतलं तिकीट, मुलीकडे लंडनला. मुंबईहून पहाटे २ वाजता सुटायचं आणि लंडनला सकाळी ६:३० ला पोचायचं. "साडेचार तासच ना? दिल्लीच्या दुप्पट, बस," असं म्हणून ते निर्धास्त झाले होते. मी कागदावर आकडेमोड करून दाखवली. ते विमान दहा तास हवेत राहणार होतं. काकांना मधुमेह आहे. जेवण, गोळी, झोप, सगळं त्यांनी साडेचार तासांच्या हिशोबाने ठरवून ठेवलं होतं.

मी ठाण्यातल्या शाळेत बरीच वर्षं भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर हे काम आपोआप माझ्याकडे आलं. मुलं परदेशात, आईवडील पहिल्यांदा निघालेले, असं घर आता आमच्या प्रत्येक मजल्यावर आहे. मुलं तिकीट काढून मोबाईलवर पाठवतात, पण ते वाचायचं कसं हे समोर बसून कुणी सांगत नाही. ते इथे सांगते. कागद, पेन आणि तुमचं तिकीट एवढं जवळ घ्या.

आधी विमानतळाचा कोड वाचा

तिकिटावर शहराच्या नावाआधी किंवा नंतर तीन इंग्रजी अक्षरं असतात, तो विमानतळाचा कोड. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाचा कोड 'बीओएम', जुन्या 'बॉम्बे'वरून आलेला. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचा 'एनएमआय'. लंडनच्या हीथ्रोचा 'एलएचआर', न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडीचा 'जेएफके'.

पूर्वी मुंबईचं तिकीट म्हटलं की प्रश्नच नव्हता. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून प्रवासी विमानं उडू लागली, आणि आता आपल्या भागातल्या माणसाने हा कोड बघितल्याशिवाय घराबाहेर पडू नये. दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेषेत साधारण २४ किलोमीटर अंतर आहे. विमानाला ते दोन मिनिटांचं. चुकीच्या विमानतळावर बॅगांसकट उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र वाशी, मानखुर्द, चेंबूर करत तास-दीड तास, आणि संध्याकाळी त्याहून जास्त.

लंडनला हीथ्रोशिवाय गॅटविकही आहे, न्यूयॉर्कजवळ नेवार्कही आहे. न्यायला येणाऱ्या मुलीला किंवा जावयाला कोडच कळवा, नुसतं शहराचं नाव नको.

अंतर मोजायचं ते दोऱ्याने

शाळेत मी हे दरवर्षी करून घ्यायचे आणि दरवर्षी वर्गात एकदम शांतता व्हायची. पृथ्वीचा गोल घ्या. घरात नसला तर नातवंडांच्या खोलीत नक्की सापडेल. शिवणाचा दोरा एका टोकाला मुंबईवर धरा, दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कवर, आणि ताणा. ताणलेला दोरा आपोआप सगळ्यात जवळचा रस्ता पकडतो. भिंतीवरच्या नकाशावर आपण मुंबईपासून सरळ डावीकडे रेघ मारली असती, अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग, मग अटलांटिक. दोरा तसा जातच नाही. तो मुंबईहून वायव्येला, त्यातही उत्तरेकडेच जास्त झुकून निघतो, ६५ अंश उत्तर अक्षवृत्तापर्यंत चढतो आणि मग खाली उतरतो. सॅन फ्रान्सिस्कोसाठी दोरा ताणला तर तो जवळजवळ उभा वर जातो, सायबेरियावरून थेट ७७ अंशांपर्यंत, म्हणजे उत्तर ध्रुवाच्या शेजारून.

भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाईल असा काप घेतला की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं, ते बृहद्वृत्त. गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं सगळ्यात कमी अंतर त्याच वर्तुळाच्या तुकड्यावर असतं. विमानात समोरच्या पडद्यावर मार्गाची रेघ धनुष्यासारखी वाकलेली दिसते, तेव्हा विमान लांबून चाललंय असं वाटून घेऊ नका. गोल पृथ्वी सपाट पडद्यावर पसरली म्हणून ती रेघ वाकली.

दोऱ्यावरून किलोमीटर काढणं सोपं आहे. शाळेतला नेहमीचा गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असतो, त्याचा घेर साधारण ९४ सेंटिमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर साधारण ४२५ किलोमीटरचा. मुंबई–लंडन दोरा १७ सेंटिमीटर भरतो, म्हणजे ७,२०० किलोमीटर. न्यूयॉर्कचा साडेएकोणतीस सेंटिमीटर, म्हणजे १२,५०० च्या आसपास.

गोल नसेल तर संगणकावर गूगल मॅप्स उघडा, मुंबई विमानतळावर माउसचं उजवं बटण दाबा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि मग दुसऱ्या विमानतळावर टिचकी मारा. तिथे मिळणारा आकडाही बृहद्वृत्तावरचाच असतो. आपल्याकडून जास्त लोक जातात ती ठिकाणं अशी: दुबई १,९२५ किलोमीटर, सिंगापूर ३,९२०, लंडन ७,२००, न्यूयॉर्क १२,५००, सॅन फ्रान्सिस्को १३,५००.

आकडा वाचताना एकक बघा. इंग्रजी संकेतस्थळांवर अंतर बहुतेकदा मैलात असतं आणि वैमानिकांच्या जगात नॉटिकल मैलात. साधा मैल १.६ किलोमीटरचा, नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. लंडन कुठे ७,२००, कुठे ४,४८०, कुठे ३,९०० दिसलं तर तिन्ही बरोबर आहेत.

किलोमीटरचे तास करायचे

मोठं प्रवासी विमान वर स्थिरावलं की ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, आणि धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्यातही वेळ जातो. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान गेटपासून हलण्याची वेळ, आणि पोचण्याची वेळ म्हणजे पलीकडच्या गेटला लागण्याची. आकाशात झेपावण्याची आणि जमिनीला टेकण्याची वेळ तिकिटावर नसतेच.

हे सगळं धरून मी एक घरगुती रीत वापरते: किलोमीटरना ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा. दिल्ली ११४० किलोमीटर, तर उत्तर दोन तास पाच मिनिटं. दुबई तीन तास. सिंगापूर पाच तास वीस मिनिटं. लंडन सव्वानऊ तास, न्यूयॉर्क साडेपंधरा. वेळापत्रकाशी ताडून बघा, थोड्याफार मिनिटांनी जुळतं.

जे जुळत नाही ते वाऱ्यामुळे, आणि हा भाग मला शिकवायला सगळ्यात आवडायचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं जिथून जातात नेमकं तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. युरोप-अमेरिकेला जाताना विमान या वाऱ्याच्या तोंडावर जातं, परतताना वारा पाठीशी असतो. मचव्याला भरती-ओहोटी जे करते तेच इथे वारा करतो. म्हणून लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना पावणेनऊ-नऊ तास. विमान तेच, अंतर तेच. येताना तासभर आधी पोचलात तर वैमानिकाने घाई केली असं समजू नका.

दुसरं कारण आहे बंद आकाश. बृहद्वृत्ताचा रस्ता ज्या देशांवरून जातो त्यांची परवानगी लागते. रशियाने २०२२ पासून युरोपच्या विमानकंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना बंद केलं. त्याचा फटका दिल्लीला जास्त बसला. मुंबईची विमानं सुटताच अरबी समुद्रावर जाऊ शकतात, म्हणून पश्चिमेकडे जाताना आपला वळसा तुलनेने लहान. तरीही कुठे तणाव वाढला की मार्ग एका रात्रीत बदलतात. निघायच्या आठवड्यात तुमच्या विमानाचा क्रमांक फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर टाका. आधीच्या काही दिवसांत ते विमान कुठून गेलं आणि खरोखर किती वाजता टेकलं, ते तिथे दिसतं. वेळापत्रकापेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास आहे.

आता घड्याळ, जिथे सगळे चुकतात

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सुटण्याची मुंबईची, उतरण्याची लंडनची. ही एक ओळ काकांना माहीत नव्हती.

भारतभर एकच वेळ, साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. दुबई आपल्या दीड तास मागे. सिंगापूर अडीच तास पुढे. हे फरक वर्षभर सारखे राहतात. इंग्लंड-अमेरिकेचे राहत नाहीत, कारण उन्हाळ्यात तिथे घड्याळं एक तास पुढे करतात. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. म्हणून लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे आणि हिवाळ्यात साडेपाच. न्यूयॉर्क साडेनऊ किंवा साडेदहा. सॅन फ्रान्सिस्को साडेबारा किंवा साडेतेरा.

हिशोबाची माझी पद्धत एकच आहे: पोचण्याची वेळ आधी भारतीय वेळेत आणा आणि मगच वजाबाकी करा. काकांचं लंडन सकाळी ६:३०, जानेवारी म्हणून अधिक साडेपाच तास, म्हणजे आपल्याकडे दुपारचे १२. पहाटे २ ते दुपारी १२, दहा तास.

पूर्वेकडचं उदाहरण घ्या. समजा मुंबईहून रात्री ११:३० ला सुटून सिंगापूरला सकाळी ७:३० ला उतरायचं आहे. वरवर आठ तास. सिंगापूर पुढे असल्याने अडीच तास वजा, म्हणजे आपले पहाटेचे ५. प्रवास साडेपाच तासांचा. झोप त्याच मापाने धरा.

न्यूयॉर्कहून परत येताना तारीखही बदलते. समजा जुलैत दुपारी १२ ला तिथून निघालात आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३० ला उतरलात. निघताना भारतात रात्रीचे ९:३० वाजलेले. ९:३० ते ११:३०, चौदा तास. तिकिटावर पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात 'अधिक १' लिहिलेलं असतं, म्हणजे उतरायची तारीख पुढची. न्यायला येणाऱ्याला तीच तारीख सांगा.

आणि मध्यरात्र. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं रात्री १२ नंतर सुटतात. माझ्या सख्ख्या मावशीच्या तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० अशी वेळ होती. घरच्यांनी १५ ला संध्याकाळी पूजा केली, शेजाऱ्यांना भेटले, रात्री साडेनऊला विमानतळावर पोचले. विमान आदल्या रात्रीच, म्हणजे १४ ची रात्र संपून १५ सुरू झाल्यावर चाळीस मिनिटांनी, गेलेलं होतं. मावशी दारातच बॅगेवर बसली ते मला अजून दिसतं. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या तिकिटावर लाल पेनाने लिहून देते: "घरातून निघायचं, १४ तारीख, रात्री ९." सुटण्याची वेळ ०० किंवा ०१, ०२ ने सुरू होत असेल तर कॅलेंडरवर आदल्या दिवसाभोवती गोल करा.

मध्ये विमान बदलायचं असेल तर

लोकांना वाटतं दुबईवरून लंडन म्हणजे फार मोठा वळसा. दोरा लावून बघा. मुंबई–दुबई १,९२५ आणि दुबई–लंडन ५,५००, मिळून ७,४२५ किलोमीटर. थेट मार्गापेक्षा सव्वादोनशे किलोमीटर जास्त, विमानाच्या हिशोबाने पाव तास. न्यूयॉर्कला लंडनवरून गेलात तरी वाढतात ते सव्वादोनशेच. वेळ जातो तो मधल्या थांब्यात, अंतरात नाही. उलट सॅन फ्रान्सिस्कोला सिंगापूरवरून गेलात तर साडेसतरा हजार किलोमीटर होतात. थेट अंतरापेक्षा चार हजार जास्त, आणि इथे खरोखर पाच तास वाढतात. स्वस्त तिकीट दिसलं की आधी थांबा नकाशावर शोधा, तो वाटेवर आहे की विरुद्ध दिशेला ते बघा.

थांबा किती असावा? वयस्कर माणूस पहिल्यांदा जात असेल तर मी अडीच ते चार तास सुचवते. सव्वा तासाची जोडणी कागदावर चालते. पण मोठ्या विमानतळावर पुन्हा सुरक्षा तपासणी, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायची गाडी आणि गुडघेदुखी धरली की जीव मेटाकुटीला येतो. चालायला त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा. त्यात कमीपणा काही नाही, आणि तो माणूस तुम्हाला नेमक्या गेटपर्यंत नेतो.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असावीत. मग पहिलं उशिरा पोचलं तर पुढची सोय लावणं कंपनीचं काम. वेगवेगळी तिकिटं घेतलीत तर दुसरं विमान चुकल्याचा भुर्दंड तुमचा. अमेरिकेत पुढे देशांतर्गत विमान असेल तर पहिल्या अमेरिकी विमानतळावरच इमिग्रेशन होतं, आणि साधारणपणे बॅगा स्वतः घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. तिथे तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका. ज्या देशात विमान बदलणार तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी विचारा.

आपल्या भागासाठी एक नवी काळजी. गोवा-नागपूरहून नवी मुंबईला उतरून पुढचं परदेशी विमान मुंबईहून असेल, किंवा उलट, तर ती जोडणी समजू नका, ते दोन वेगळे प्रवास आहेत. मध्ये सहा तास ठेवा.

घर ते गेट

बारा हजार किलोमीटरचा हिशोब चोख करून माणसं पवईला अडकतात. ठाणे स्टेशन परिसरातून सहारच्या टर्मिनल २ पर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर. पूर्व द्रुतगती मार्गाने जाऊन जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोड पकडला की रात्री अकरानंतर पाऊण तासात पोचता येतं. संध्याकाळी सहा ते नऊमध्ये मी दोन तास धरते. कासारवडवली किंवा त्यापुढून येणाऱ्यांनी घोडबंदर रोडसाठी आणखी अर्धा-पाऊण तास.

सामान एका बॅगेचं असेल तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, आणि तिथे मेट्रो ३ मध्ये बसून पुढचंच स्टेशन टर्मिनल २. हा रस्ता वाहतुकीत अडकत नाही. मात्र मेट्रो रात्रभर चालत नाही, तेव्हा पहाटेच्या विमानासाठी आधीच जाऊन बसायची तयारी हवी. देशांतर्गत विमान असेल तर टर्मिनल १ की २ हे तिकिटावर पाहून घ्या, दोघांचे दरवाजे वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत.

नवी मुंबई विमानतळ ठाण्याहून तीस-पस्तीस किलोमीटर. कळवा, विटावा, ऐरोली आणि मग ठाणे–बेलापूर रस्त्याने उलव्याकडे. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं, तेव्हा मुलुंडवरून ऐरोली पूल घेतलेला बरा. ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ, खारघरच्या मंडळींना मात्र हा विमानतळ दाराशी आल्यासारखाच आहे.

परदेशी विमानासाठी तीन तास आधी विमानतळाच्या दारात उभं असायला हवं. काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो आणि त्यानंतर विनवणीचा उपयोग होत नाही.

काकांचा कागद आम्ही मिळून केला तो असा. आदल्या तारखेला रात्री ९:३० ला घरातून, १०:४५ ला टर्मिनल २. २ वाजता विमान. भारतीय वेळेने दुपारी १२ ला लंडन. इमिग्रेशन आणि बॅगेला दीड तास, मुलीच्या घरापर्यंत गाडीने एक तास. दार ते दार सतरा तास. साडेचार तासांच्या प्रवासाचे सतरा तास झालेले पाहून काकू गप्प झाल्या आणि मग उठून डब्यात दोन दशम्या जास्त टाकायचं ठरवलं.

गोळ्यांचं काय करायचं ते मी सांगितलं नाही, कुणालाच सांगत नाही. तासांचा हा कागद घेऊन काका त्यांच्या डॉक्टरांकडे गेले, आणि डॉक्टरांनी त्याच कागदावर गोळ्यांच्या वेळा भारतीय वेळेत लिहून दिल्या. मोबाईल उतरल्यावर स्वतःच लंडनची वेळ दाखवू लागतो, म्हणून मनगटावरचं जुनं घड्याळ पहिला दिवस भारतीय वेळेवरच ठेवायचं असं ठरलं. आणखी एक गोष्ट त्यांना सांगून ठेवली. जानेवारीत लंडनला सूर्य आठच्या सुमाराला उगवतो. पहाटे दोनला मुंबईच्या अंधारात निघून, दहा तास उडून साडेसहाला उतराल तेव्हाही बाहेर रात्रच असेल. विमान रात्रीच्या सोबतीनेच पश्चिमेला जात असतं. घाबरू नका, मनगटाकडे बघा, तिथे दुपारचे बारा वाजलेले असतील.